एक कूलर नाकारला आज आमच्या सोसायटीने

आत्ता मीटिंगमधून मधेच उठून आलेय. हात थरथरतायत, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

विषय काय, तर गेटवरच्या वॉचमन काकांच्या केबिनला कूलर. पत्र्याची केबिन, दोन माणसं धड उभी राहणार नाहीत एवढी, आणि मागच्याच भिंतीवर ए विंगच्या एसींची आउटडोअर युनिट्स, म्हणजे आपण आत गार झोपायचं आणि आपल्या खोलीतली गरमी त्या माणसाच्या अंगावर सोडायची. आज दुपारी ४१ होतं. ठराव नामंजूर, कारण कॉमन लाइटबिल वाढेल. वर एक जण म्हणाले, गावाकडची माणसं आहेत, त्यांना उन्हाची सवय असते.

सवय!

माझी आजी करमाळ्याकडची. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत माझे बाबा, आणि ही दिवसभर उन्हात हातोडी घेऊन. कामावर खायला सुकडी मिळायची त्यातली निम्मी पदराला बांधून घरी आणायची. तिला कुठे सवय होती? दुसरं काही नव्हतंच समोर.

आणि लाइटबिलाचं सांगता? तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात ना, तो का सुरू झाला माहितीये? वि. स. पागेंच्या रोजगार हमीला, म्हणजे गावात मागेल त्याला काम देणाऱ्या योजनेला, पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये मुख्यतः शहरातल्या कमावत्या लोकांवर हा कर बसवला. सावलीतल्याने उन्हातल्यासाठी वाटा द्यायचा, इतकं साधं. क्लायमेट जस्टिस (हवा बिघडवणाऱ्याने तिची झळ सोसणाऱ्याचा भार उचलायचा) वगैरे शब्द तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकलाही नसेल, पण महाराष्ट्राने ते करून दाखवलं, पुढे २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला. आणि आज आपण एका कूलरवर अडतोय?

मेंटेनन्स जड जाणारी, पेन्शनवरची घरं आमच्यातही आहेत, मान्य. पण ती बिचारी गप्प होती, तावातावाने बोलत होते ते दोन दोन गाड्यावाले. आणि हो, माझ्याही बेडरूमला एसी आहे, म्हणून तर जास्त लागतंय.

काका परांड्याचे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला त्यात त्यांची जमीन खरवडून गेली, माती म्हणून राहिली नाही, नुसते दगड. आजीने जिथे दुष्काळात खडी फोडली ना, त्याच सीनेच्या पलीकडच्या काठाला. या माणसाने आयुष्यात एक सायकल आणि एक मोबाइल वापरलाय. हवा बिघडवली कुणी आणि शेत गेलं कुणाचं, ते मी तुम्हाला नव्याने काय सांगू.

खाली आल्यावर त्यांना सांगितलं, नाही झालं काका. तर म्हणतात, राहू द्या ताई, माझ्यापायी कशाला वाईटपणा घेताय.

आजीचे हात शेवटपर्यंत खरखरीत होते. आम्ही बघायला लागलो की पदराखाली घ्यायची. आज काका बोलताना सारखं तेच दिसत होतं.

मी पहिल्या मजल्यावर राहते. खिडकीतून वायर सोडून घरातला टेबल फॅन त्यांना लावून देतेय, बिल माझ्या मीटरवर. कूलरचा ठराव रविवारी परत मांडणार आहे. सोसायटीतले जे कुणी हे वाचताय, कृपा करून या, मला सात सह्या कमी पडतायत.