३९ मिनिटे मागे

माझा भाचा सध्या स्वतंत्र चित्रपट काढतो आहे. स्वतंत्र म्हणजे निर्मात्यापासून स्वतंत्र. मामाचे दादरचे घर, मामाचे वीजबिल आणि मामीचा स्वयंपाक यांच्यापासून तो मुळीच स्वतंत्र नाही, हे मला चित्रीकरणाच्या पहिल्या रविवारी कळले. चित्रपट विज्ञानकथा आहे, प्रेमकथा आहे आणि विनोदीही आहे. एका तिकिटात तीन चित्रपट देणारा हा मुलगा व्यवहारात कच्चा आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

कथा मात्र मला आवडली. १९०६ साली देशात प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारी आपली वेगळी वेळ सोडली नाही, आणि ती १९५५ पर्यंत तग धरून होती. नायिका १९३८ सालच्या गिरगावात, नायक आजच्या दादरमध्ये, आणि आमचे लोखंडी कपाट हे त्यांच्यामधले कालयंत्र. ती प्रत्येक भेटीला ३९ मिनिटे उशिरा येते आणि ती भाव खाते आहे असे समजून हा रुसून बसतो.

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी याच दादरमध्ये चित्रपटाचा संसार मांडला, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून फिल्मला छिद्रेही पाडत असत, हा इतिहास भाच्याने नेमका मामीसमोर सांगितला. हिने लगेच बारा माणसांच्या थालीपिठांची भाजणी भिजवली. फाळक्यांनी त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, हा पुढचा भाग मला ठाऊक असल्यामुळे मी विषय बदलला.

आवाज जागेवरच मुद्रित करायचा म्हणून मे महिन्यात पंखा बंद, कुकरच्या शिट्टीला बंदी. पण हे काहीच नव्हे. खरा छळ 'कंटिन्युइटी' नावाच्या गोष्टीचा. मी विक्षिप्त शास्त्रज्ञ झालो होतो, आणि पडद्यावर सलग दिसणारा माझा एकच प्रसंग चार रविवारांत विभागला गेल्यामुळे महिनाभर मला दाढी करण्याची, केस कापण्याची आणि त्या चौकड्यांच्या शर्टावरचा चटणीचा डाग धुण्याची मनाई होती. कालप्रवासाचा चित्रपट काढणाऱ्यांनी माझ्या घरातला काळ असा जागच्या जागी थांबवून ठेवला.

दिवाणखान्यातले घड्याळ त्यांनी कथेसाठी मागे केले आणि तसेच सोडले. चित्रीकरण मोबाइलवर चालत असल्यामुळे माझाही मोबाइल भाच्याकडेच होता. सोमवारी मी ८.१२ ची लोकल पकडायला निश्चिंत मनाने फलाटावर उतरलो, तेव्हा ती केव्हाच गेलेली होती. साहेबांना मी मुंबई वेळेचा इतिहास सविस्तर सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि अर्ध्या दिवसाची रजा मांडली.

शेवटच्या रविवारी अर्धवट खाल्लेल्या थालीपिठाचा प्रसंग राहिला होता. मूळ थालीपीठ फ्रिजमध्येही टिकले नव्हते, म्हणून नव्या थालीपिठाचा मी अगदी पूर्वीच्याच आकाराचा घास तोडावा, असे ठरले. भाचा जुना फोटो समोर धरून "मामा, थोडं डावीकडून," असे सांगत होता. पाच थालीपिठे झाली, भाजणी संपत आली, तरी घासाची कड जुळेना. आदल्या बुधवारी मी समोरचा हलणारा दात काढून घेतला होता, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला सहाव्या थालीपिठापर्यंत झाले नाही.