जादा सिमेंटने गिलाव्याचे तडे थांबत नाहीत : एक खुलासा

बाहेरच्या गिलाव्यात सिमेंट वाढवले की भिंतीला तडे जात नाहीत, असा एक संदेश सध्या सोलापुरात घर बांधणाऱ्यांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. सिमेंट जितके जास्त, तितका गिलावा वाळताना अधिक आकसतो, आणि भिंतीला घट्ट धरलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणाने आकसता येत नाही. त्या ताणातूनच पृष्ठभागावर जाळीसारखे बारीक तडे उमटतात. ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटण्याची गवंड्यांची सवयही हेच करते, आणि ती आग्रहाने बंद करावी.

बाहेरून 1 भाग सिमेंटला 4 ते 6 भाग धुतलेली, माती नसलेली वाळू पुरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, म्हणून भिंत आधी भिजवावी, काम सकाळी किंवा सावलीत करावे आणि पुढे किमान 7 दिवस पाणी मारावे. वीटकाम आणि बीम जुळतात तिथे जाळी ठोकावी. काळ्या मातीवरील घरांत तिरपे, रुंदावत जाणारे तडे मात्र बहुधा पायाच्या हालचालीचे असतात. ते आधी अभियंत्याला दाखवावेत.