मोर्चाला मार्क देणारे

सोमवारी आम्ही अठ्ठावीस बायका रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर गेलो. मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले आणि हसत म्हणाले, "काय ताई, काल स्टंट केलात म्हणे!"

स्टंट? तीन आठवडे दिवसाआड पाणी येतंय, तेही पाऊण तास आणि करंगळीएवढ्या धारेने. तीन अर्ज दिले, तिन्हींची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. साहेब प्रत्येक वेळी "बघतो" म्हणाले. बघता बघता टँकरच्या पैशांत सोसायटीचा रंगकामाचा फंड गेला. एवढं झाल्यावर डोक्यावर हंडा घेऊन उन्हात उभं राहिलो, तर तो स्टंट! आणि हे कोण म्हणतंय? ज्यांनी आजवर गळक्या नळाचीसुद्धा तक्रार केली नाही, ते.

लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत काकांची तोंडी परीक्षा आटोपली. परवानगी काढली होती का? मागे कोण आहे? आणि शेवटचा ठेवणीतला प्रश्न, निष्पन्न काय झालं?

परवानगी काढली होती हो! पोलीस स्टेशनला चार खेपा घातल्या. "घोषणा जोरात देऊ नका" अशी तोंडी समजही मिळाली. नाही दिल्या जोरात. तर आता काकांचं म्हणणं, "अशाने कोण ऐकणार?" आणि फाटकापाशी दहा मिनिटं बसलो असतो तर हेच काका म्हणाले असते, "हा काय मार्ग झाला का? लोकांचे हाल." म्हणजे गप्प राहिलो तर नापास आणि ओरडलो तर गुंड. पासिंगचे मार्क आहेत तरी किती?

मोर्चाला मार्क देणाऱ्यांची ही जात फक्त आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी, त्यातले बहुतेक आदिवासी, दीडशेच्या वर किलोमीटर चालत मुंबईला आले. पायांच्या सालपटांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दहावीच्या मुलांना पेपरला जाता यावं म्हणून ही माणसं विश्रांती सोडून सोमय्या मैदानावरून रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालत गेली. याहून सभ्य आंदोलन कसं करतात ते मला कोणीतरी शिकवा. तरीही एका खासदारबाईंना त्यात शहरी माओवाद दिसला. बाकी मुंबईने पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या, "किती शिस्त!" म्हणून डोळे पुसले. सरकारने लेखी आश्वासन दिलं आणि परत जायला गाडीही सोडली. मग? २०१९ मध्ये तीच माणसं पुन्हा रस्त्यावर. २०२३ मध्ये पुन्हा, या वेळी दिंडोरीहून. वाशिंदला मुक्काम असताना एका शेतकऱ्याचा जीव गेला. वनजमिनीचे दावे हीच मागणी तिन्ही वेळा यादीत होती. शिस्तीला शंभरपैकी शंभर दिलेत ना, मग ते लेखी आश्वासन कुठल्या कपाटात पडलंय, हे विचारायला एकही परीक्षक का फिरकला नाही?

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार, आणि तक्रार नोंदवायला गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलेलं. वीस तारखेला लोक रुळांवर उतरले. खरं सांगते, त्या दिवशी मीही अडकले होते. लेडीज डब्यात पंखे बंद, मोबाइल बारा टक्क्यांवर, शेजारची मुलगी रडकुंडीला आलेली. मलाही चीड आली. मीही मनात म्हटलं, रेल्वेने काय केलंय यांचं? पण मग काय घडलं बघा. त्याच दिवशी एसआयटी जाहीर झाली, पोलिसांवर कारवाई झाली, दोन दिवसांत हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि लोकांचा उद्रेक झाल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही, असं कोर्टानेच सुनावलं. मुख्यमंत्री मात्र सांगत होते की आंदोलक बाहेरचे होते. घ्या! समजा असले बाहेरचे. त्या मुलींची तक्रार त्यामुळे खोटी ठरते का?

सगळीच आंदोलनं सोवळी असतात असं माझं म्हणणं नाही. ११ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्र बंद कोणी पुकारला होता? राज्यात सत्तेत बसलेल्या पक्षांनी! सरकार तुमचं, पोलीस तुमचे आणि बेस्टच्या बसवर दगड पडले. कारण उत्तर प्रदेशातल्या लखीमपूरमध्ये आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याचं होतं, संताप येण्यासारखंच होतं, पण रोजंदारीवाल्याचा दिवस बुडवून लखीमपूरच्या शेतकऱ्याला काय मिळालं? आमच्या मोर्चातही एक भावी नगरसेवक दोन फोटोग्राफर घेऊन टपकले होतेच. त्यांच्या हंड्यावर दुकानाचं किमतीचं स्टिकर तसंच होतं. फोटो झाला, हंडा ड्रायव्हरकडे गेला, गाडी सुटली. झाडा ना अशांना, मीही येते सोबत! पण त्या एका स्टिकरवरून उरलेल्या अठ्ठावीस जुन्या, चेपलेल्या हंड्यांना नाटकी ठरवू नका.

आणि "निष्पन्न काय" हे दुसऱ्याच दिवशी विचारणाऱ्यांचं तर मला नवल वाटतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार झाला १९९४ ला. मधली सोळा वर्षं लोकांनी मार खाल्ला, घरं जळलेली पाहिली, जीव गमावले. १९८० साली कोणी काका तिथे गेले असते तर "फेल" असा शेरा मारून चहाला निघून गेले असते. गोरेगावच्या मृणाल गोऱ्यांना "पाणीवाली बाई" हे नाव काही एका हंडा मोर्चात मिळालं नाही. त्या आणि अहिल्याबाई रांगणेकर महागाईविरुद्ध बायकांच्या हातात लाटणी देऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही "घरं सोडून बायका निघाल्या कुठे" म्हणणारे असतीलच की गॅलरीत उभे.

साहेबांनी तीन अर्ज दाबून ठेवले, त्यांना कोणी विचारत नाही की साहेब, तुमचं निष्पन्न काय? तुमच्यामागे कोण आहे? हे सगळे प्रश्न हंडेवालीलाच.

असो. गुरुवारी पहाटे साडेपाचला पाणी आलं. चांगली जाड धार आणि तब्बल सव्वा तास. जिन्यात बादल्यांचा नुसता खणखणाट, आणि सगळ्यात आधी कोणाचं पिंप भरलं असेल ते सांगायला नकोच. मी दूध घ्यायला खाली उतरले तर काका बनियनवर दारात उभे, हातात पाइप.

"ताई," म्हणाले, "उद्या पण येणार आहे का हो? नाही, तुमची आता तिथे ओळख झालीये ना, म्हणून विचारतो."