शांतता समितीला रोजचे काम हवे

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल आणि हंसापुरी भागांत जी हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तिचा निवाडा न्यायालयात होईल आणि तो तिथेच व्हायला हवा. मला लिहायचे आहे ते त्या रात्रीच्या आधीच्या आणि नंतरच्या लांबलचक काळाबद्दल, कारण त्या काळात शहराची शांतता राखणे हे कोणाचेही रोजचे काम नसते. तणाव निर्माण झाला की पोलीस येतात, नेते येतात, पत्रकार येतात. तो निवळला की सगळे आपापल्या वाटेने निघून जातात आणि वस्ती आहे तिथेच, आहे त्याच संशयासह उरते. नागपूरच्या जुन्या भागात शांततेचे आणि स्थानिक विकासाचे काम एकाच छपराखाली करणारी, वस्तीतल्याच लोकांनी चालवलेली कायमस्वरूपी केंद्रे उभी राहावीत, असे माझे ठाम मत आहे.

ही दोन कामे वेगळी का करता येत नाहीत, हे त्या मार्चमध्ये स्पष्ट दिसले. संचारबंदी पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. तोवर जखमींपैकी एकाचा रुग्णालयात मृत्यू झाला होता. रमजानचा महिना चालू होता, ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद होती, म्हणजे गांधीबागेतील कापडाच्या आणि इतवारीतील किराण्याच्या व्यापारासाठी वर्षातला ऐन मोक्याचा पंधरवडा. या व्यापाराच्या तळाशी कोण आहे ते पाहावे. साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या बाईकडे सकाळी दुकानातून साड्यांचा गठ्ठा येतो, ती प्रत्येक साडीच्या रंगाशी जुळणारा दोरा शोधून काठ शिवते, आणि संध्याकाळी गठ्ठा परत गेला की नगावर पैसे मिळतात. गठ्ठा आला नाही, तर त्या दिवशीची कमाई शून्य. दुकानदार एका धर्माचा, गठ्ठा वाहणारा ठेलेवाला दुसऱ्या धर्माचा, शिवणारी बाई कदाचित तिसऱ्याच समाजाची, आणि तिघांनाही एकमेकांवाचून दिवस काढता येत नाही. तरीही हे तिघे कोणत्याही प्रश्नावर एकत्र बसले आहेत, असे कधी होत नाही.

आपल्याकडे पोलीस ठाण्याची शांतता समिती असते, हे मला माहीत आहे आणि अशा बैठकांना मी गेलोही आहे. ठाणेदार मधल्या खुर्चीवर असतात, एका बाजूला मंडळांचे अध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूला मशीद कमिटीचे पदाधिकारी बसतात. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बुजवायचे राहिलेले खड्डे यांवर चर्चा होते, चहा होतो, आणि सहकार्याचे आश्वासन देऊन सगळे उठतात. या बैठका आवश्यक आहेत आणि त्यांत येणारी बरीच माणसे मनापासून येतात. परंतु ज्या वयाच्या मुलांच्या हातात अशा रात्री दगड असतात, त्या वयाचे तिथे कोणी नसते. स्त्रिया जवळपास नसतातच. आणि पुढच्या सणापर्यंत त्या समितीला भेटण्याचे काही कारणही नसते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे. त्यात भर अशी की महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आल्यामुळे, मार्च २०२५ मध्ये ज्याचे दार रात्री ठोठवावे असा निवडून आलेला नगरसेवक एकाही प्रभागात पदावर नव्हता.

या शहरात माणसे पूर्वी एकत्र येत ती कामाच्या ठिकाणी. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, कायमची बंद पडली. मोमीन विणकर आणि कोष्टी विणकर यांच्या वस्त्या मोमिनपुरा, गोळीबार चौक, तांडापेठ अशा लगतच्या भागांत आहेत, आणि सुताचा भाव, व्यापाऱ्याची उधारी, मागाची दुरुस्ती हे दोघांचेही प्रश्न एकच होते. त्या काळी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असा माझा दावा नाही. १९२७ मध्येही याच नागपुरात दंगल झाली होती. मुद्दा इतकाच की गिरणी आणि माग गेले तेव्हा केवळ रोजगार गेला नाही, तर वेगवेगळ्या समाजांच्या माणसांना एका संघटनेत, एका मागणीसाठी बसावे लागत असे, ती सक्तीही गेली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी कोझिकोड आणि अलीगढसारख्या शहरांची तुलना करून हेच दाखवून दिले, की नुसता शेजार आणि सणासुदीची देवाणघेवाण यांपेक्षा व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये अशा दोन्ही समाजांच्या संघटित संस्था दंगल रोखण्यात अधिक भक्कम ठरतात. शिरखुर्मा आणि फराळ यांची देवाणघेवाण मला प्रिय आहे, पण अफवा पसरलेल्या रात्री तेवढी पुरत नाही.

महाराष्ट्रातलेच भिवंडीचे उदाहरण घ्या. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, त्यांत सामान्य रहिवाशांना घेतले, आणि दंगल नसतानाही त्या नियमित भेटतील अशी व्यवस्था केली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना यंत्रमागांचे हे शहर शांत राहिले. पण तो पुढाकार एका अधिकाऱ्याचा होता, आणि अधिकाऱ्याची बदली होतेच. म्हणून केंद्राची मालकी वस्तीची असावी, असे मी म्हणतो.

दूरचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. केनियाच्या ईशान्येला वाजीर नावाचा दुष्काळी, पशुपालकांचा प्रदेश आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सोमाली कुळांमध्ये पाणी, चराई आणि सत्ता यांवरून रक्तपात सुरू झाला आणि तो इतका खोलवर गेला, की बाजारात एका कुळाच्या बायका दुसऱ्या कुळाच्या बायकांशी व्यवहार करीनाशा झाल्या. १९९३ मध्ये काही स्त्रिया एकत्र आल्या. देखा इब्राहिम अब्दी त्यांच्यापैकी एक. त्यांनी पहिले काम हाती घेतले ते बाजाराचे. कोणत्याही कुळाच्या बाईला माल विकता आणि विकत घेता आला पाहिजे, हे त्यांनी ठरवले आणि त्यावर स्वतः लक्ष ठेवले. मग वडीलधारे आले, तरुण आले, प्रशासन आले, आणि १९९५ मध्ये वाजीर शांतता व विकास समिती स्थापन झाली. शांतता आणि विकास हे दोन्ही शब्द एकाच पाटीवर होते, आणि सुरुवात बाजाराच्या ओट्यावरून झाली होती. देखा अब्दी यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

आपल्या विदर्भातही शिकण्यासारखे आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूची वाहतूक परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली. सर्वसहमतीचा आग्रह तिथे टिकला, याचे एक कारण मला असे दिसते की सहमतीने सांभाळायचे काहीतरी गावाकडे होते. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने हजारो भांडणे गावातच मिटवण्याची वाट दाखवली, हे चांगलेच झाले. मात्र ती मोहीम गावांची होती आणि शहरी वस्त्या तिच्या बाहेर राहिल्या.

नागपुरात अशा केंद्राने काय करावे, असे कोणी विचारले तर मी फॉल-पिकोपासून सुरुवात करीन. शिवणाऱ्या बायकांचा एकत्र गट झाला, दोरा आणि अस्तर घाऊक भावात घेतले गेले, नगाचा दर दुकानदारांशी एकत्र बसून ठरला, तर दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतल्या बायका आठवड्यातून एकदा तरी एका खोलीत येतील. दुसरे काम पाण्याचे. नाईक तलाव आणि लेंडी तलाव अतिक्रमणाने आणि सांडपाण्याने कसे ग्रासले आहेत, हे मध्य नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या काठच्या सर्व वस्त्यांनी मिळून सांडपाणी कुठून येते याचा नकाशा केला आणि महापालिकेकडे पाठपुरावा केला, तर ते काम पुरे व्हायला वर्षे लागतील आणि तेवढी वर्षे माणसे एकमेकांच्या संपर्कात राहतील. शाळा सुटलेल्या मुलांसाठी अभ्यासिका आणि दुरुस्तीच्या कामांचे प्रशिक्षण हवे. मोबाइलवर एखादी चित्रफीत फिरू लागली, तर दोन्ही बाजूंच्या नेमून दिलेल्या माणसांनी तासाभरात प्रत्यक्ष जागेवर जाऊन खरे-खोटे कळवायचे, हेही केंद्राचेच काम. आणि ते ऐन वेळी जमेल ते आधीच्या कामांतून ओळख पक्की झालेली असली तरच.

आक्षेप मला ठाऊक आहेत. अशी जागा पक्षाचे कार्यालय होईल, ही भीती खरी आहे; म्हणून संचालक मंडळात निवडणूक लढवणारा कोणी नसावा, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि जमाखर्च दर महिन्याला दाराबाहेरच्या फलकावर लागावा. निधी संपला की संस्था गाशा गुंडाळतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणून वीज, भाडे आणि एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून दरवर्षी मिळावे आणि बाकीचे वस्तीने वर्गणीतून उभे करावे. केंद्र म्हणजे गुन्हेगारांना समेटाच्या नावाने सोडवण्याची जागा नव्हे. ज्याने घर जाळले, गाडी फोडली, माणूस मारला, त्याचा खटला चाललाच पाहिजे.

इमारतींचा प्रश्न फारसा अवघड नाही. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळा जुन्या भागात आहेत, आणि एका खोलीपासून सुरुवात करता येते. आपल्या प्रभागात अशी कुलूपबंद खोली असेल, तर तिचा पत्ता आणि तिथे रोज दोन तास देऊ शकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चार माणसांची संमती एकत्र करावी. नव्या प्रभाग समितीसमोर लेखी मागणी ठेवायला तेवढे पुरेसे आहे, आणि तो अर्ज लिहून देण्याची जबाबदारी मी घेतो.