संग्रहालयात एकटाच

मोठ्या संग्रहालयाचं एक बरं असतं. आपण काय पाहिलं आणि काय टाळलं, याकडे त्या गर्दीत कुणाचं लक्ष नसतं. छोट्या संग्रहालयात ही सोय नाही. तिथे बहुतेक वेळा आपण एकटेच असतो आणि पाठीमागे एक पहारेकरी. आपण दालनात शिरलो की तो दिवे लावतो, बाहेर पडलो की मालवतो. एवढी वीज आपल्या एकट्यापायी जळतेय म्हटल्यावर खापरांसमोरून तरातरा निघून जायची छाती कुणाची होणार?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. लोक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतात, असं त्यात निघालं. तिथे समोर नामांकित चित्रं होती. माझ्यासमोर एक फुटका रांजण होता आणि मी त्याच्यापुढे कितीतरी वेळ मान डोलावत उभा होतो. मी डावीकडून पाहिलं, पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी उजवीकडूनही पाहिलं.

चित्रांच्या दालनात उजेड बेताचाच. जलरंग आणि कागद प्रकाशाने विटतात, म्हणून तिथे ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवायची पद्धत आहे. चित्रं टिकतात हे खरं, पण पाटी वाचणाऱ्याचं काय? अक्षरं बारीक, त्यात पाटी गुडघ्याच्या उंचीवर. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी एका माणसाला वस्तू बघताना किती वाकावं, वळावं लागतं त्याचे फोटो काढून १९१६ साली या दमणुकीवर लेखच लिहिला होता. शंभरावर वर्षं उलटली. मी उकिडवा बसून वाचलं: ‘चित्र. कागदावरचे.’

बागेत आलो तेव्हा कंबरेने राजीनामा दिला होता. ऊन-पावसाला पुरून उरेल ते सगळं अशा बागेत असतं: नाक नसलेल्या मूर्ती, एक तोफ, कुठल्याशा पडक्या इमारतीचे खांब. झाडांनाही पाट्या, त्याही लॅटिन नावांच्या, म्हणजे झाडाखेरीज कुणालाच कळू नये अशा. पण कोपऱ्यात एक दगडी बाक दिसला. मी टेकणार, तोच मागून पहारेकऱ्याचा आवाज आला.

“साहेब, तिथं नका बसू. त्याला नोंदणी क्रमांक आहे.”

“मग बसायचं कशावर?”

त्याने बागेवरून नजर फिरवली. क्रमांक नसलेलं असं तिथे काहीच नव्हतं. शेवटी त्याने दारातलं स्वतःचं स्टूल आणून दिलं आणि हातपाय धुवायला गेला. मी बसतोय तोवर एक कुटुंब फाटकातून आत आलं आणि थेट माझ्यापाशी येऊन विचारू लागलं, “तिकीट इथेच मिळतं का?”

मी म्हटलं, “थांबा जरा. आधी दिवे लागू द्यात.”