पापड गेला

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी. आमच्या शाळेच्या ग्रुपवर (दहावी 'ब', १९९३, अठ्ठावन्न टाळकी) सकाळपासून विठोबाच्या फोटोंची रांग लागली होती. दर्शनबारी परवडली म्हणायची. त्यात दुपारी दोनला सीएचे निकाल लागले आणि आमच्यातल्या एकीची लेक फायनल पास झाली. तिसऱ्या खेपेला. ही मैत्रीण गेली बावीस वर्षं शिलाई मशीनवर घर ओढतेय. तिनं ग्रुपवर तीनच शब्द टाकले, "झाली बाई एकदाची." पुढच्या दहा मिनिटांत अभिनंदन, फुलं, पेढे, फटाके. एकानं 'उपवासाला पेढा चालतो' असा शास्त्रार्थही काढला. मीही रडले थोडी, खोटं का सांगू.

त्या सगळ्या गुलालात दोन बावन्नला कांदिवलीच्या मित्राचा मेसेज पडला. "पापड गेला."

मी साबुदाणा परतत होते, डाव्या हातात फोन. लगेच टाइप केलं, "एकादशीला तळायला काढलास होय? साबुदाण्याचा होता का रे?" धडाधड हसणारे चेहरे आले, अकरा तरी असतील. कुणी लिहिलं, "तेलात गेला का तुपात?" मला आपलं बरं वाटलं, आपला विनोद चालला.

वीसेक मिनिटांनी ठाण्याच्या मैत्रिणीनं मला वेगळा मेसेज केला. "अगं, पापड त्याचा कुत्रा."

खिचडी खाली लागली ती लागलीच.

आता मेसेज पुसता येतो, पण पुसला तरी तिथं 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी राहते. म्हणजे घाण काढायची आणि वर फलक लावायचा, इथे घाण होती. मी पुसला नाही. 'चुकले रे, माफ कर' असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "असू दे गं. हसलो." मग सगळ्यांना कळलं आणि अकरा हसणारे चेहरे गुपचूप नाहीसे होऊन त्यांच्या जागी जोडलेले हात आले. आरआयपी, आरआयपी, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि पाच मिनिटांत पुन्हा एक विठोबा.

मला खरी लाज विनोदाची नाही वाटली. ग्रुपवर वर बोट फिरवत मागं गेले तर पापडचे फोटो निघत गेले. पापड पावसात, पापड गणपतीत आरतीला बसलेला, पापडच्या गळ्यात दिवाळीचा झेंडूचा हार, पापडचं तोंड उशीत. खाली दोन-तीन अंगठे, त्यातला एखादा माझा. तेरा वर्षं हा माणूस आम्हाला आपल्या घरातली एक गोष्ट सांगत होता आणि मला त्या गोष्टीतल्या मुख्य पात्राचं नाव माहीत नव्हतं.

रात्री फोन केला. फोन करणं हल्ली केवढं अवघड झालंय बघा. आधी 'बोलू का?' असा मेसेज टाकायचा, मग दोन निळ्या रेघांची वाट बघायची. मी सरळ लावला. त्यानं उचलला आणि पहिलं वाक्य, "काय गं, कोण गेलं?" आमच्या वयात रात्री नऊनंतर फोन आला की हाच प्रश्न. मी म्हटलं, "पापड."

मग तो चाळीस मिनिटं बोलला. शाळेत हा मुलगा बाईंनी उभं केलं तरी तोंड उघडायचा नाही.

२०१२ च्या मे महिन्यात त्याच्या आईनं सोसायटीच्या गच्चीत जुन्या लुगड्यावर उडदाचे पापड घातले होते. कुठून तरी एक पिल्लू जिना चढून वर आलं आणि अर्धं वाळवण फस्त केलं. आई काठी घेऊन गेली, बघते तर पिल्लू लुगड्याच्या पदरात झोपलेलं. नाव तिनंच ठेवलं. सोसायटीत कुत्र्यावरून भांडणं झाली, लिफ्टमधून न्यायचं नाही असं ठरलं, हा चार मजले जिन्यानं न्यायचा. आई २०१८ मध्ये गेली. त्यानंतर पापड महिनाभर तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपायचा, आत जायचा नाही. शेवटचे दोन महिने मूत्रपिंडं कामातून गेली होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. रोज रात्री ऑफिसातून आल्यावर बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, मानेवरची कातडी चिमटीत वर उचलायची, सुई सरकवायची. तिथं पाण्याचा फुगा येतो, तो हळूहळू जिरतो. "पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता," तो म्हणाला, "त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि गप पडून राहिला. चल, उरक, असं."

मालाडला महापालिकेनं २०२३ पासून लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे, गॅसवर. तिथं नेलं. रिक्षावाल्याला आधी सांगितलं, चादरीत काय आहे ते. तो म्हणाला, "बसा." उतरताना मीटरचे पैसे घेईना.

"घरी आलो, अंघोळ केली," मित्र म्हणाला, "आणि मग पुढं काय करायचं तेच कळेना. आईच्या वेळी कसं सगळं ठरलेलं होतं. कोण येणार, कुठं बसायचं, काय खायचं नाही. इथं काहीच नाही. म्हणून ग्रुपवर टाकलं."

मला त्याचं हे म्हणणं फार दिवस डोक्यातनं जाईना. म्हणूनच हे एवढं लांबण लावतेय.

माणूस गेला की आपल्याकडं करण्यासारखं पुष्कळ असतं. सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची असते, शेजारणी पिठलं-भाकरी आणून देतात. त्यातलं किती मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण माणसाचे हातपाय दहा दिवस चालते राहतात एवढं नक्की. मूल पास झालं की पेढे आहेत. कुत्रा गेला तर? दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगून रजा मागायची तर कारण काय लिहायचं? माझा मित्र सोमवारी आठ सतराच्या लोकलनं कामावर गेला.

आणि भाषाही बघा. माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो, कैलासवासी होतो, पेपरात 'कालवश' होतो. जनावर मरतं. एवढं एकच क्रियापद त्याच्या वाट्याला. (त्यातही 'मेला' हा शब्द बायका नवऱ्यासाठी वर्षानुवर्षं प्रेमानं वापरत आल्या आहेत ती गोष्ट वेगळी.) 'कुत्रा मेला' असं कुणीही सहज म्हणतं. मित्रानं 'गेला' लिहिलं, आणि नेमकं तेच क्रियापद कुत्र्याच्या नावापुढं माझ्या डोक्यात बसलं नाही. पापड गेला म्हणजे वाया गेला, तेलात गेला, असंच सुचलं.

असं मात्र नाही की आपल्याकडं जनावराचं दुःख करायची रीतच नव्हती. आमच्याकडं कराडच्या बाजूला बेंदूर असतो, बैलांचा सण. मी चौथीत असताना, बेंदराच्या आधी पंधरा दिवस, आजोबांचा सर्जा बैल गेला. आजोबा 'गेला'च म्हणायचे. बांधाला खड्डा काढला, मीठ घातलं, आजीनं हळद-कुंकू वाहिलं. घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी शेजारच्या घरातनं भाकऱ्या आणि पिठलं आलं, माणूस गेल्यावर येतं तसंच, फडक्याखाली झाकून. चार माणसं सोप्यात येऊन बसली. बोलली काहीच नाहीत, तंबाखू मळत बसली आणि तासाभरानं उठून गेली. बेंदराला आजोबांनी एकट्या राजाला रंगवलं आणि जोडीची झूल खुंटीला तशीच ठेवली. त्यामुळं 'ही नवी शहरी थेरं' असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. थेरं नवी नाहीत, चार माणसं येऊन बसायची बंद झाली.

आमच्या ग्रुपवरही एकानं लिहिलंच, "कुत्रंच होतं ना? दुसरं आण." तो वाईट माणूस नाही. २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन फिरवणारा तोच होता. त्याचा धाकटा भाऊ त्या लाटेत गेला, त्याला खांदाही देता आला नाही. त्या दिवशी ग्रुपवर त्याला जे जोडलेले हात मिळाले, तेच पापडला मिळाले. त्याला राग आला असेल तर तो कशाचा, हे मला समजतं. पण त्याच्या भावाला कमी मिळालं म्हणून पापडला आणखी कमी द्यावं, हा हिशेब मला जमत नाही.

माझे वडील पोस्टमन होते. त्यांच्या पिशवीत बातमी आपला चेहरा घेऊन यायची. लग्नाच्या पत्रिकेला कोपऱ्यांवर हळद-कुंकू. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला, ते वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. तार म्हटलं की उघडायच्या आधीच रडारड, मग भले आत 'मुलगा झाला' असेना. मजकूर इंग्रजीत, वाचून दाखवायचं काम वडिलांवर. चांगली बातमी असली तर ते चहाला थांबायचे. वाईट असली तर पाणीही घ्यायचे नाहीत, पण लगेच निघायचेही नाहीत. उंबऱ्याबाहेर सायकल धरून उभे राहायचे. "बातमी टाकून पळायचं नसतं," म्हणायचे. बाकीचा टपाल-फेरा उशिरा झाला तरी चालेल.

तारेतही तयार मजकूर असायचे बरं का. शुभेच्छांच्या वाक्यांना आकडे दिलेले असायचे, आकडा लिहिला की पलीकडं अख्खं वाक्य पोचायचं. तेव्हा आताच्या फुलं-फटाक्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली आणि आकडे आपल्या खिशात आले, एवढंच. फरक इतकाच की हल्ली सीए, साखरपुडा, कुत्रा, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं एकाच 'टुंग'नं येतं आणि खिचडी परतता परतता वाचलं जातं. आणि सायकल धरून कुणी उभं राहत नाही. मीही नाही.

एक गोष्ट मी या पोस्टमध्ये लिहावी की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. मुलाला विचारलं, तो म्हणाला लिही. आमच्या ग्रुपवर फक्त पास झालेली मुलं आहेत. अठ्ठावन्न जणांची मिळून शंभरेक पोरं असतील आणि गेल्या सहा-सात वर्षांत एकही नापास नाही, एकाचंही वर्ष गेलेलं नाही. हे कसं काय? माझ्या मुलानं मागच्या वर्षी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. चार विषय राहिले होते, त्यातल्या दोनांना तो बसलाच नव्हता. सहा महिने खोलीतनं बाहेर येत नव्हता. त्या सहा महिन्यांत मी ग्रुपवर एकोणीस अभिनंदनं लिहिली. मोजली नंतर. खरी होती सगळी, पण प्रत्येक वेळी पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवायचे.

त्या रात्री पापडचं ऐकून झाल्यावर मी मित्राला हे सांगितलं. आईला, बहिणीला, कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. त्यानं सल्ला दिला नाही. थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "जेवतो का नीट?" मी म्हटलं, आता जेवतो. "मग ठीक आहे," तो म्हणाला, "पापडचं पण मी तेवढंच बघायचो."

आमच्या घरातली इंजिनिअरिंगची अडीच लाख फी आणि त्याचा तेरा वर्षांचा कुत्रा, कोण कुणाच्या बरोबरीचं, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

आता तुम्ही विचाराल की मग काय, प्रत्येकाच्या प्रत्येक बातमीला फोन करायचा? अठ्ठावन्न जणांना? नाही हो. माझ्याच्यानं होणार नाही, मला नोकरी आहे, सासूबाईंचं पथ्य आहे. मोठ्या बातम्यांना माझ्याशिवाय भागतं. सीए झालेल्या लेकीच्या घरी त्या दिवशी पन्नास माणसं येऊन गेली असतील, माझं फूल पोचलं काय नि न पोचलं काय. (तिच्या आईला मी ब्लाउज शिवायला टाकलाय, पेढा तेव्हा खाईन.) पण दोन शब्दांची बातमी आली, मागंपुढं काही नाही, तर हल्ली मी गॅस बारीक करते.

ऑगस्टात, म्हणजे महिन्याभरानं, कांदिवलीकराचा ग्रुपवर एक फोटो आला. त्याच्या गॅलरीचा कठडा, पाऊस नुकता थांबलेला, गजाला अजून सलाईनच्या बाटलीची सुतळी बांधलेली. खाली पापडचा स्टीलचा वाडगा, काठाला पोचा आलेला, त्यात पाणी आणि बाजूला पोळीचा तुकडा. वाडग्याच्या काठावर एक कावळा, चोच पोळीवर. फोटोखाली शब्द एकही नाही.

बराच वेळ कुणी अंगठा ठेवला नाही, की हात जोडले नाहीत. मीही काही लिहिलं नाही, या वेळी मुद्दाम. मग 'दुसरं आण' म्हणणाऱ्या मित्राचं नाव वर दिसायला लागलं, टाइप करतोय, थांबला, परत टाइप करतोय.

त्यानं लिहिलं, "शिवला."