टाचेला चुना लावणारा मेसेज

काही महिन्यांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. वर लाल त्रिकोण, खाली ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’, आणि पाच मुद्दे. एक, मेलानोमा हा गोऱ्या लोकांचा कातडीचा कॅन्सर, आपल्याला तो होतच नाही. दोन, तीळ वाढायला लागला तर खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा, सात दिवसांत मुळासकट गळून पडतो. तीन, तुकडा काढू देऊ नका, सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. चार, डर्मोस्कोपी म्हणजे भिंग दाखवून पैसे उकळायचा धंदा. पाच, मोबाईलवरचं अ‍ॅप फोटोवरून सगळं सांगतं.

असले मेसेज मी एरवी उघडतसुद्धा नाही. पण हा माझ्या आत्याने वाचला, आणि नुसता वाचून ती थांबली नाही. तिच्या डाव्या टाचेच्या आतल्या अंगाला शेंगदाण्याएवढा तपकिरी डाग होता. कधीपासून, ते तिलाही नक्की सांगता येत नाही. टाच कोण बघत बसतं? सातव्या दिवशी तिचा फोन आला. “अरे, डाग काही गेला नाही, पण पाय टेकवत नाही बघ.”

तर आता मुद्द्यांकडे. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, सगळे सारखे घातक नाहीत.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. भारतात मेलानोमाचं प्रमाण वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी आहे; ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांशी तुलनाच नको. आपल्या कातडीला रंग देणारं मेलॅनिन उन्हापासून बऱ्यापैकी सांभाळतं, हेही खरं. पण ‘कमी होतो’ आणि ‘होतच नाही’ यांत एक माणूस मावतो. शिवाय सावळ्या माणसांना तो होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ले हा जमैकाचा जगप्रसिद्ध गायक. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलानोमा १९७७ मध्ये सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. ११ मे १९८१ ला, ३६व्या वर्षी तो गेला. त्याचे वडील गोरे होते, अशी पळवाट काढू नका. डाग उन्हात नव्हता, बुटात होता.

आपल्याकडे तर आणखी पंचाईत. तळपायावरचा काळा डाग दिसला की निम्मं घर भोवरी म्हणतं, निम्मं रक्त साकळलंय म्हणतं, आणि एखादी आजी ‘परदेशयोग आहे’ म्हणून खूश होते. बहुतेक वेळा भोवरीवाले किंवा रक्तवाले बरोबरही असतात. साकळलेलं रक्त आठवड्या-महिन्यांत नखाबरोबर किंवा कातडीबरोबर पुढे सरकतं, निघून जातं. जो डाग जाग्यावरच राहतो, पसरतो, ज्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, ज्यात दोन-तीन रंग मिसळलेत किंवा जो आपोआप रक्ताळतो, तो दाखवायचा. नखाचंही तसंच. आपल्या रंगाच्या माणसांच्या चार-पाच नखांवर उभ्या काळसर रेघा असणं नवलाचं नाही. मोठ्या वयात एकाच नखावर नवी पट्टी आली, ती रुंदावत चालली आणि रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर मात्र गप्प बसायचं नाही. आणि हो, काही मेलानोमा काळे नसतातच, गुलाबी असतात. तेव्हा ‘काळा पडला तरच दाखवू’ हेही चूकच.

आता चुना. माझा राग आहे तो इथे. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. ओले करून कालवले की तयार होतो कॉस्टिक सोडा. मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करायला वापरतात तोच. म्हणजे मेसेज सांगतोय की संशयित कॅन्सरवर ड्रेन क्लीनर लावा. तो काय करतो? वरची कातडी जाळतो. खाली पेशी असतील त्या असतात तिथेच. वर खपली धरते, खपली पडते, माणूस समाधानाने ‘गेला’ म्हणतो, आणि काही महिन्यांनी व्रणातूनच रंग पुन्हा डोकं वर काढतो. मधले महिने फुकट. या आजारात तर सगळा हिशोब खोलीचा. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने दाखवलं की मेलानोमा कातडीत किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. एका मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं नुसत्या शस्त्रक्रियेने बरी होतात. ही खोली वरून खाली मोजतात. वरचा थरच जाळून टाकलात तर मोजायचं कुठून?

इथेच तिसरा मुद्दाही निकालात निघतो. संशयित डाग शक्यतो आख्खा, आजूबाजूच्या एक-दोन मिलिमीटर कातडीसकट काढून तपासायला पाठवणं, ही मेलानोमाच्या निदानाची जगभरची ठरलेली पद्धत आहे. सुरीने कॅन्सर पसरत असता तर ही पद्धत इतकी वर्षं टिकली नसती. पसरतो तो आपण वाट बघत थांबल्याने.

डर्मोस्कोपीवर मात्र थोडं बसून बोलावं लागेल, कारण ‘भिंग’ हा शब्द अगदीच खोटा नाही. ते हातात मावणारं भिंगच, साधारण दहापट मोठं दाखवणारं. फरक उजेडाचा. विहिरीच्या पाण्यावर ऊन चमकत असलं की तळ दिसत नाही. हाताची सावली धरून वाकलं की दिसतो. कातडीचा वरचा कोरडा थर तसाच चमकतो. जेल लावून काच टेकवली किंवा ध्रुवीकृत प्रकाश वापरला की ती चमक मरते आणि आतला रंग कसा मांडलाय ते दिसतं.

तळपायावर तर हे फारच सुंदर दिसतं. तिथली कातडी म्हणजे सरी-वरंब्याचं रान. वरंब्याच्या माथ्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके, ठराविक अंतरावर, ठिबकच्या नळीसारखे. ते दिसले की वरंबा कुठला आणि सरी कुठली हे कळतं. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत साठतो, बारीक रेघांनी. सुरुवातीच्या मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो, रुंद पट्ट्यांनी, आणि सरी फिकट राहते. हे जपानी डॉक्टरांनी बसवलं, कारण त्यांच्याकडेही मेलानोमा तळपायावरच जास्त. तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात वरंब्यावरचा रंग तळपाय-तळहाताच्या शंभरातल्या ८६ मेलानोमांत सापडला, आणि साध्या तिळांत शंभरात एखाद्यातच. नुसत्या डोळ्यांनी हे दोन डाग सारखेच तपकिरी दिसतात.

आणि धंदाच म्हणायचं असेल तर २०१८ चा कॉक्रेनचा आढावा बघा. कॉक्रेन म्हणजे औषध कंपन्यांचे पैसे न घेता जगभरचे अभ्यास चाळून काढणारी संस्था. त्यांनी या विषयावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. पेशंट समोर बसलेला असताना आणि साध्या तिळावर उगाच संशय घेण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच धरलं असताना, नुसत्या डोळ्यांनी शंभरातले ७६ मेलानोमा सापडतात, डर्मोस्कोपने ९२. हे मधले सोळा जण कुणाची तरी आत्या असतात.

आता मेसेजवाल्याला त्याचा वाटा देऊन टाकतो. त्याच आढाव्यात हेही आहे की बघणारा शिकलेला नसेल तर डर्मोस्कोपचा उपयोग कमी होतो. मोठ्या पडद्यावर सगळ्या अंगाचे तीळ दाखवून पॅकेज गळ्यात मारणारी दुकानं शहरात आहेत, मीही पाहिलीत. तुमच्या अंगावर एकच शंकास्पद डाग असेल तर त्या पॅकेजची गरज नाही. त्वचारोगतज्ज्ञाला तो डाग दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पाचवा मुद्दा दोन ओळींत. असली अ‍ॅप तपासणारा आढावा २०२० मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, निष्कर्ष असा की त्यांच्यावर विसंबता येत नाही. मोबाईलने दर महिन्याला डागाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. बदल कळायला तो कामी येतो. निकाल त्याला विचारू नका.

आत्याला मी नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डर्मोस्कोप टाचेला लावला, दोनदा पुसला, पुन्हा लावला आणि बाजूला ठेवला. सरी नाही, वरंबा नाही, नुसती पांढरी भाजलेली साल. “तीन आठवड्यांनी या,” म्हणाल्या. तीन आठवड्यांनी कातडी आली, पण व्रणाची; रेघा मोडलेल्या, रंग विस्कटलेला. शेवटी तुकडा काढावाच लागला. म्हणजे ज्या सुरीला घाबरून चुना लावला, ती त्या चुन्यामुळेच लागली. भिंगाखाली आधी आली असती तर, डॉक्टरीणबाईंच्या मते, बहुधा तशीच परत गेली असती. टाचेचे टाके, त्यात आत्याला साखर. दीड महिना ती एका पायावर लंगडत होती, आणि पंधरा दिवस रिपोर्टची वाट बघताना रात्री कुणालाच नीट झोप नव्हती.

रिपोर्ट आला: साधा तीळ. त्याचा फोटो मी तिला ग्रुपवर टाकायला लावला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मूळ मेसेज पाठवणाऱ्या काकूचाही नमस्कार आला, आणि पाठोपाठ प्रश्न: “पण वन्सं, तुम्ही चुना पुरते सात दिवस ठेवला होतात का?”